वादळानंतर लाईट गेली आणि लवकर यायची चिन्हं नाहीत, तर काय करायचं

पहिलं काम पाणी. लाईट नाही म्हणजे पंप नाही, गच्चीवरच्या टाकीत उरलंय तेवढंच, त्यामुळे घोडबंदर काय नि खारघर काय, टॉवरवाल्यांनी लगेच बादल्या, पातेली, कुकर जे हाताला लागेल ते भरून घ्या, नंतर अख्खी बिल्डिंग एकदमच नळ सोडते. लिफ्टला बॅकअप असला तरी म्हाताऱ्यांना त्यात पाठवू नका.

फ्रीज सारखा उघडू नका, बंद ठेवला तर आतलं साधारण ४ तास थंड राहतं, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत. दूध आधी संपवा, मासे असतील तर आजच कालवण, उद्यावर ढकलायचं नाही.

मोबाईल लो पॉवर मोडवर टाका, १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवर तक्रार करून तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मध्ये, किती झाडं पडली होती आठवतंय ना, तशा झाडाखाली वायर दिसली तर लांबच राहा, पाणी साचलं असेल तर जास्तच. जनरेटर घरात किंवा बाल्कनीत अजिबात नको, धुराने जीव जातो. एसी, फ्रीज, टीव्हीचे स्विच बंद ठेवा, लाईट आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून एकेक लावा.