बिनपेशीचा वेल

परभणीत एम.एस्सी. बायोटेक करून प्रयोगशाळेत लागलो, तेव्हा मायक्रोआरएनएबद्दल माझ्याकडं परीक्षेपुरत्या चार ओळी होत्या. साधारण 22 न्यूक्लिओटाइडांचा तुकडा, एमआरएनएला (प्रथिन बनवायचा जनुकाचा निरोप) चिकटतो, प्रथिन बनू देत नाही. पाठ होतं, कळलं नव्हतं.

कळलं ते गावाकडं, हरभऱ्याला पाणी देताना. लाइट रात्रीची, बाबा मोटारीपाशी, मी दारं धरायला. एका वाफ्याचं दार मातीनं बुजवलं की पाणी पुढच्या वाफ्यात. अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल मूळपेशीपुढंही (काय बनायचं ते अजून न ठरलेली पेशी) असेच वाफे असतात: हाड, चरबी, कूर्चा. हाडाकडं नेणारं मुख्य प्रथिन रंक्स-2. मिर-204 नावाचा मायक्रोआरएनए त्याचंच दार बुजवतो, की पेशी चरबीकडं झुकते. मिर-29बी मात्र हाडाला मदत करतो. इथं नवखे अडखळतात: हे सगळे अडवणारेच, मग मदत कशी? तर तो एचडीएसी-4सारख्या, हाडाच्या वाटेत आडव्या येणाऱ्या प्रथिनांना अडवतो. हे डोक्यात बसलं की अर्धे शोधनिबंध सोपे होतात.

(मायक्रोआरएनएची ही अडवाअडवी अँब्रोस आणि रुवकुन या शास्त्रज्ञांनी 1993 मध्ये एका जंतात दाखवली. 2024 चं नोबेल त्यांना मिळालं, तेव्हा कुठं घरच्यांना माझा विषय खरा वाटला.)

आता हाताचं काम, म्हणजे प्लेटमध्ये मूळपेशींपासून हाड बनवणं. डेक्सामेथासोन, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घातलेलं माध्यम दर तीन दिवसांनी बदलायचं, एकविसाव्या दिवशी अ‍ॅलिझरिन रेडनं कॅल्शियम रंगवायचं. माझी पहिली प्लेट अठराव्या दिवशी गेली. पिपेट जोरात सोडली आणि पेशींचा अख्खा थर सायीसारखा सुटून वर आला. तेव्हापासून भिंतीला टेकवून थेंबथेंब सोडतो.

दुसऱ्या खेपेला सगळे वेल (प्लेटमधले खळगे) लालभडक. पळत मॅडमकडं गेलो. त्यांनी प्लेट उजेडाकडं धरली.

"बिनपेशीचा वेल कुठंय?"

नव्हता. पुढच्या वेळी ठेवला, तर तोही गुलाबी! ग्लिसरोफॉस्फेट जास्त पडलं होतं, साका माध्यमाचाच होता. म्हणून नुसत्या लाल रंगावर भाळू नका. पेशी हाडाकडं वळल्याच्या खुणा तपासा: सातव्या दिवशी अल्कलाइन फॉस्फटेज बघा, पुढं ऑस्टिओकॅल्सिन. मिमिक (मायक्रोआरएनएची नक्कल) टाकून हाड वाढलं तर इन्हिबिटरनं (त्याला रोखणारा तुकडा) घटलंही पाहिजे. मायक्रोआरएनए कुणाला अडवतो, याचं संगणकानं सुचवलेलं लक्ष्य हा नुसता अंदाज. तो खरंच तिथं चिकटतो का हे दाखवणारी ल्युसिफरेज चाचणी केल्याशिवाय मार्गदर्शकांपुढं जाऊ नका.

प्लेटचा पहिला वेल मी आता रिकामाच सोडतो, झाकणावर मार्करनं 'बिनपेशी' लिहून.