आरएनए-सीक्वेन्सिंगचा रिझल्ट आला, आता प्लॉट कसे काढायचे?

परवा पाषाणला चहाच्या टपरीवर एमएस्सीच्या एका पोराने लॅपटॉप उघडून त्याच्या आरएनए-सीक्वेन्सिंगचा (म्हणजे कुठलं जनुक किती चालू आहे ते मोजण्याचा) व्होल्कॅनो प्लॉट, जनुकागणिक फरक किती आणि किती खात्रीचा ते दाखवणारा, दाखवला, लाल ठिपक्यांनी नुसता भरलेला, आणि विचारलं दादा यातली कुठली जनुकं धरू. म्हटलं पीसीए (कुठली सॅम्पल्स एकमेकांसारखी ते दाखवणारा प्लॉट) काढलास का, तर नाही. बरेच जण असंच करतात, म्हणून मी ज्या क्रमाने प्लॉट काढतो तो इथे लिहितोय.

सरावाला बायोकंडक्टरवरचा (आर या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जीवशास्त्राच्या पॅकेजेसचा संग्रह) एअरवे डेटा घ्या, फुकट आहे. माणसाच्या श्वासमार्गातल्या स्नायूपेशींच्या ४ सेल लाइन्स, प्रत्येकीचं एक सॅम्पल डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध दिलेलं आणि एक न दिलेलं, एकूण ८. डीईसेक२ (गटांतला जनुकांचा फरक काढणारं पॅकेज) चालवायच्या आधी रेफरन्स लेव्हल, म्हणजे तुलना कुठल्या गटाशी होणार ते बघा, कारण आर ती एबीसीडीच्या क्रमाने लावतं, टी हा यूच्या आधी येतो म्हणून 'ट्रीटेड'च बेसलाइन होऊन बसतं आणि वाढलेली जनुकं कमी झालेली दिसतात. रीलेव्हल करून 'अनट्रीटेड'ला बेसलाइन करा. डिझाइनमध्ये (मॉडेलच्या सूत्रात) सेल लाइनही घाला.

पहिला प्लॉट पीसीएच. काउंट्स (प्रत्येक जनुकाचे मोजलेले आकडे) तसेच टाकू नका, आधी व्हीएसटी (लहानमोठ्या काउंट्सचा चढउतार सारखा करणारं रूपांतर) करा, नाहीतर भरमसाट काउंटवाली चारदोन जनुकंच सगळं चित्र ओढून नेतात. एअरवेमध्ये औषधवाली एकीकडे आणि बिनऔषधाची दुसरीकडे जातात, सेल लाइनचा फरकही चांगला दिसतो. तुमची सॅम्पल्स मात्र लायब्ररी केल्याच्या (सीक्वेन्सिंगसाठी आरएनए तयार केल्याच्या) तारखेनुसार वेगळी पडत असतील तर तो बॅच इफेक्ट आहे, तारीख डिझाइनमध्ये घाला, पण सगळी औषधवाली एका दिवशी आणि सगळी कंट्रोल दुसऱ्या दिवशी केली असतील तर कुठलंच सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही.

मग एमए प्लॉट. आडव्या अक्षावर सरासरी काउंट, उभ्यावर लॉग२ फोल्ड चेंज, १ म्हणजे दुप्पट आणि उणे १ म्हणजे निम्मं. डावीकडे कमी काउंटवाल्या जनुकांचा पंखा पसरलेला दिसेल, त्यातले मोठाले आकडे बहुतेक नॉइज असतात, लिस्ट लावायच्या आधी एपीईजीएलएम ही पद्धत वापरून ते श्रिंक करा, म्हणजे शून्याकडे ओढा.

आता व्होल्कॅनो. उभ्या अक्षावर अ‍ॅडजस्टेड पी-व्हॅल्यूचा (एकाच वेळी हजारो जनुकं तपासल्याबद्दल सुधारलेल्या पी-व्हॅल्यूचा) उणे लॉग१० घ्या, ०.०५ ची रेघ १.३ वर येते. साधी पी-व्हॅल्यू धरलीत तर २०,००० जनुकांत काहीही फरक नसताना हजारेक नुसती योगायोगाने पास होतील! अ‍ॅडजस्टेडमध्ये काही ठिकाणी एनए (म्हणजे आकडाच नाही) येतं, तिथे शून्य भरू नका, ती जनुकं फिल्टरमध्ये किंवा आउटलायर म्हणून गळलेली असतात. रंग निळा-नारिंगी ठेवा, लाल-हिरवा काहींना वेगळा दिसत नाही. नावं दहाबारा ठिपक्यांनाच द्या.

हीटमॅपला (जनुकं आणि सॅम्पल्सचा रंगीत तक्ता) व्हीएसटीच्याच व्हॅल्यूज, ओळीनुसार स्केल करून. पण फरक असलेली जनुकं निवडून काढलेल्या हीटमॅपमध्ये गट वेगळे दिसणारच, तो पुरावा म्हणून मांडू नका.

शेवटी जे जनुक थीसिसमध्ये लिहिणार आहात त्याचे नॉर्मलाइज्ड काउंट्स सॅम्पलगणिक काढा, हे कधीच टाळू नका. एअरवेमध्ये डीयूएसपी१ घ्या, प्रत्येक सेल लाइनचे दोन ठिपके रेघेने जोडा, चारही रेघा वर जाताना दिसतील. तुमच्या जनुकात एकच सॅम्पल उंच आणि बाकी तळाशी असतील तर क्यूपीसीआरचे (तेच जनुक वेगळ्या पद्धतीने मोजून खात्री करण्याच्या चाचणीचे) प्रायमर अजून मागवू नका.