होडीला टू-स्ट्रोक इंजिन घ्यावं की फोर-स्ट्रोक?

पंधरा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दोन हालचालींत एकदा पेट्रोल पेटवणारं) असो वा फोर-स्ट्रोक (चार हालचालींत एकदा), पूर्ण थ्रॉटलला होडीच्या वेगात फार फरक पडत नाही. टू-स्ट्रोक उचल जरा चटकन घेतं, इतकंच. खरा फरक तीन गोष्टींत पडतो: वर्षाला किती तास चालवणार, त्यातले किती तास हळू, आणि इंजिन रोज कोण उचलणार. त्यामुळे दुकानात जाण्याआधी कागद-पेन घेऊन बसा.

आधी तास मोजा. १५ हॉर्सपॉवरचं कार्बोरेटरवालं (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला सुमारे ७ ते ८ लिटर पेट्रोल पितं, तेवढंच फोर-स्ट्रोक ५ ते साडेपाच. म्हणजे तासाला अडीच लिटरची बचत. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साधारण २६० रुपये. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही जळतं. ५०:१ मिश्रणात, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, तासाला दीडशे मिली, म्हणजे ४०० रुपये लिटरच्या तेलाने आणखी ६० रुपये. दोन इंजिनांच्या किमतीत ६०,०००चा फरक असेल, तर तो तासाला ३२० रुपयांप्रमाणे १९० तासांच्या आसपास फिटतो. आकडे तुमच्या बाजारभावाने बदलून घ्या, पण हिशेब हाच. देवबाग-तारकर्लीकडे पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी होडी एका हंगामात हे तास ओलांडते. फक्त रविवारी खाडीत गळ टाकून मासे गरवायला जाणाऱ्याला पाच-सहा वर्षं लागतील, आणि त्याने या हिशेबाच्या नादी लागू नये.

हळू चालवण्याचा मुद्दा याहून मोठा आहे. कमी आरपीएमवर टू-स्ट्रोकमध्ये आलेल्या पेट्रोलचा बराच भाग न जळताच बाहेर पडतो, तेलाने ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग ओला होतो आणि इंजिन मधेच बंद पडतं. वर धूर पर्यटकांच्या तोंडावर. तासन्‌तास रेंगाळायचं काम असेल तर फोर-स्ट्रोकच घ्या, यावर आमचं दुमत नाही.

आता वजन. १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक साधारण ३६ ते ४० किलो, फोर-स्ट्रोक ४५ ते ५२. ४० हॉर्सपॉवरला हा फरक ७०-८० विरुद्ध ९५-१०५ किलो इतका वाढतो. होडी रोज वाळूवर ओढून इंजिन खांद्यावरून घरी नेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय फोर-स्ट्रोक कसंही आडवं टाकता येत नाही. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या बाजूवरच ठेवावं लागतं. चुकीच्या कुशीवर ठेवलं तर खालच्या टाकीतलं तेल सिलिंडरमध्ये उतरतं. मग दोरी ओढताच पांढऱ्या धुराचा लोट, आणि तेल जास्त गेलं असेल तर दोरी हलतसुद्धा नाही. अशा वेळी जोर लावू नका. प्लग काढून सावकाश दोरी ओढा, तेल बाहेर येऊ द्या. हलकी, अरुंद होडी असेल तर जड इंजिनाने पिछाडी बसते आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उठते, तेही बघा.

शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबी मात्र दोन्हींना सारखीच तपासायची. ट्रान्सम, म्हणजे इंजिन जिथे अडकवतो तो फळा, वरच्या कडेपासून तळापर्यंत १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० इंच असेल तर लाँग. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. जास्त वर राहिली तर लाटेत पंखा हवा खातो आणि इंजिन नुसतंच किंचाळतं.

बिघाडाची तऱ्हा दोघांची वेगळी. टू-स्ट्रोकला पेट्रोलमधलं तेल हेच वंगण. २४ लिटरच्या टाकीला ५०:१ने ४८० मिली तेल लागतं. नवीन इंजिनाला पहिले दहा तास बहुधा २५:१, म्हणजे ९६० मिली. मॅन्युअलमधलं प्रमाण वेगळं असेल तर तेच पाळा. अर्धं पेट्रोल, मग तेल, हलवणं, मग उरलेलं पेट्रोल, हा क्रम ठेवा. तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, हवं. स्कूटरचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, इथे ते राख सोडतं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र, अर्धवट तुंबला की पेट्रोल कमी जातं तसं तेलही कमी जातं. इंजिन जरा जास्तच सुरेल पळतंय असं वाटतं आणि थोड्या वेळात पिस्टन सीझ, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकून बसतो.

फोर-स्ट्रोकला एफसी-डब्ल्यू दर्जाचं (फोर-स्ट्रोक आउटबोर्डसाठीचं) १०डब्ल्यू-३० तेल, पहिल्या २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचं. डिपस्टिकवर (तेलाची पातळी मोजायच्या पट्टीवर) तेल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला, तर इंजिन नीट तापत नाही, थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) बघा. होडी उलटून इंजिन बुडालं तर टू-स्ट्रोक सोपं: गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून दोरी ओढा, तेल ओता, त्याच दिवशी सुरू करा. फोर-स्ट्रोकमध्ये तळातलं तेल दोन-तीनदा बदलल्याशिवाय खारं पाणी जात नाही, म्हणून मेकॅनिक जवळ हवा. गावात टू-स्ट्रोक खोलणारे दहा आणि फोर-स्ट्रोकचा एकही नसेल, तर वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडा.

पैसे देण्याआधी, विशेषतः जुनं इंजिन असेल तर, पिंपात गोडं पाणी भरून दहा मिनिटं चालवा. कूलिंगची पिचकारी, म्हणजे इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार, एकसारखी हवी. ती कोमट होणं चांगलं, थेंब-थेंब होणं वाईट. वाळूतून चालवलेल्या इंजिनाचा इंपेलर (पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक) बहुतेक झिजलेला असतो, तो बदलण्याचा खर्च किमतीतून कापून घ्या. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावा. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर सोडून द्या. शेवटी गिअरकेसचा (पंख्यामागच्या गिअरच्या पेटीचा) खालचा स्क्रू सैल करा. तेल दुधाळ आलं तर आत पाणी गेलंय. पंखा उतरवून बघा. शाफ्टभोवती गुंडाळलेली तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) सापडली तर तिनेच सील कापलेलं असतं.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत इंजिन पडून राहणार असेल, तर गोड्या पाण्यावर चालवतानाच पेट्रोलची नळी काढा आणि कार्बोरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप बंद पडू द्या. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पावसाळी हवेत पाणी शोषतं आणि तळाला वेगळा थर धरतं. महिन्याहून जुनं मिश्रण टू-स्ट्रोकमध्ये अजिबात घालू नका.