टाईप करताना अक्षरं भलत्याच विंडोत जातायत? फोकस असा लावून घ्या

गेल्या महिन्यात लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायच्या विंडोत) सुडोचा, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायचा, पासवर्ड टाईप करत होतो, नजर कीबोर्डवर, आणि माझ्या मशीनवर सुडो साधे ठिपकेसुद्धा दाखवत नाही, त्यामुळे एंटर मारून वर बघतो तर अख्खा पासवर्ड ऑफिसच्या ग्रुप चॅटमध्ये. मधेच चॅटची विंडो स्वतःहून पुढे आली होती. पासवर्ड लगेच बदलला, पण त्या दिवशी बसून फोकसच्या सगळ्या सेटिंग्ज नीट लावल्या, त्याच इथे लिहितोय.

मुळात कीबोर्ड एक आणि विंडो पंधरा, त्यातल्या ज्या विंडोकडे फोकस असेल तिलाच अक्षरं जातात. आता हा फोकस कोणी द्यायचा इथेच सगळी गोम आहे. लिनक्सवर विंडो पडद्यावर दाखवणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स-११ आणि नवी वेलँड. एक्स-११ हे १९८७ सालचं, त्यात कुठलाही प्रोग्राम थेट सर्व्हरला (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) सांगू शकतो की फोकस मला दे, आणि विंडो मॅनेजर, म्हणजे विंडोंची मांडणी बघणारा प्रोग्राम, त्याला आवरायचा प्रयत्न करत बसतो. वेलँडमध्ये प्रोग्रामला स्वतःहून फोकस घेताच येत नाही, फार तर मागता येतो, द्यायचा की नाही ते कंपोझिटर, म्हणजे वेलँडमध्ये विंडो सांभाळणारा प्रोग्राम, ठरवतो. म्हणून सगळ्यात आधी लॉगिन स्क्रीनवर गिअरच्या चिन्हात जाऊन वेलँडचं सेशन मिळतंय का ते बघा, निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

मग पद्धत निवडा. क्लिक केल्यावर फोकस ही बहुतेक ठिकाणी आधीपासून असते. दुसरी म्हणजे माऊस जिथे तिथे फोकस, यात पॉइंटर रिकाम्या डेस्कटॉपवर गेला की कुठल्याच विंडोला फोकस राहत नाही आणि टाईप केलेलं हवेत जातं, मला ही अजिबात पटत नाही. तिसरी स्लॉपी, म्हणजे माऊस ज्या विंडोवर गेला तिला फोकस, पण डेस्कटॉपवर गेला तरी आधीच्या विंडोचा फोकस तसाच. माझं मत विचाराल तर स्लॉपी घ्या आणि फोकस मिळाल्यावर विंडो पुढे येणं मात्र बंद ठेवा, खरी मजा त्यात आहे, कारण समोर पीडीएफ उघडी ठेवून तिच्यामागून अर्धवट डोकावणाऱ्या एडिटरमध्ये टाईप करता येतं, सारखं इकडून तिकडे उड्या माराव्या लागत नाहीत.

पुढच्या सेटिंग्ज तुमच्या डेस्कटॉपप्रमाणे बघा, ग्नोम, केडीई आणि एक्सएफसीई हे लिनक्सचे वेगवेगळे डेस्कटॉप. ग्नोममध्ये ट्वीक्स नावाचं ॲप टाका, त्यात 'विंडोज' नावाच्या पानावर 'फोकस ऑन हॉवर' म्हणजेच स्लॉपी, आणि त्याच्याच खाली 'रेझ विंडोज व्हेन फोकस्ड' आहे ते बंद. विंडो आपोआप पुढे यायलाच हवी असेल तर ते चालू करा, ती साधारण ५०० मिलिसेकंद थांबून वर येते. आता मुख्य उपाय. डीकॉन्फ एडिटर (ग्नोमच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचं ॲप) उघडून ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, डब्ल्यूएम, प्रेफरन्सेस असं आत जा, तिथे 'फोकस न्यू विंडोज' ही सेटिंग 'स्मार्ट'वर असते ती 'स्ट्रिक्ट' करा. यानंतर टर्मिनलमधून उघडलेल्या नव्या विंडोंना फोकस मिळत नाही, त्यांच्यावर क्लिक करावं लागतं, सुरुवातीला दोन दिवस चिडचिड होईल पण टाईप करता करता फोकस पळवला जात नाही.

केडीईवाल्यांचं नशीब चांगलं, सिस्टिम सेटिंग्जमध्ये विंडो बिहेविअरमध्येच 'फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन' आहे, ते लो असतं, मी मीडियम ठेवतो. एखादंच ॲप त्रास देत असेल तर त्याच्या टायटल बारवर राईट क्लिक करून मोअर ॲक्शन्समधून फक्त त्या ॲपसाठी नियम बनवा आणि तिथे हेच एक्स्ट्रीम करून फोर्स करा, बाकीच्यांना धक्का लागत नाही. एक्सएफसीईत विंडो मॅनेजरच्या फोकस टॅबमध्ये नव्या विंडोला फोकस द्यायचा की नाही याची टिक आहे, आणि फोकस पळवण्याला अटकाव करायची टिक विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये.

मायक्रोसॉफ्ट विंडोजवर कंट्रोल पॅनेलच्या ईझ ऑफ ॲक्सेसमध्ये माऊसच्या पानावर हॉवरने विंडो ॲक्टिव्ह करायचा पर्याय मिळेल, पण तिथे विंडो पुढेही येते, त्यामुळे मला तो कधी जमला नाही.

आणि मराठी टाईप करणाऱ्यांसाठी एक खास. ब्राउझरमध्ये इनस्क्रिप्ट (देवनागरीचा कीबोर्ड लेआउट) आणि टर्मिनलमध्ये इंग्रजी असं आपण सारखं बदलत असतो, नाहीतर कमांडच्या जागी देवनागरी उमटते. ग्नोमच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक विंडोसाठी इनपुट सोर्स वेगळा ठेवायचा पर्याय आहे, केडीईत लेआउटच्या पानावर स्विचिंग पॉलिसी 'विंडो' करा, विंडोजवर ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये तशीच टिक आहे. मग फोकसबरोबर लेआउटही आपोआप बदलतो. फक्त स्लॉपी चालू असेल तर माऊसला नुसता कोपर लागला तरी दोन्ही बदलतात, म्हणून पासवर्ड टाकायच्या आधी मी वरच्या पट्टीतलं भाषेचं चिन्ह बघतो, मगच बोटं चालवतो.