बोहोलला निघण्याआधी काय काय जुळवून ठेवायचं

तिकिटं काढण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: चॉकलेट हिल्स तपकिरीच बघायच्या आहेत की हिरव्याही चालतील? फिलिपिन्सच्या बोहोल प्रांतातल्या या बाराशेहून जास्त टेकड्या चुनखडीच्या आहेत आणि त्यांच्यावर मुख्यतः गवतच उगवतं. ते फेब्रुवारीनंतर वाळू लागतं आणि एप्रिल-मेमध्ये टेकड्या फोटोत दिसतात तशा होतात. पाऊस सुरू झाला की पुन्हा हिरव्यागार. समुद्रही साधारण याच कोरड्या महिन्यांत शांत असतो. जून ते ऑक्टोबरमध्ये नैऋत्येचा वारा (तिकडे त्याला हबागात म्हणतात) बोहोलला लागून असलेल्या पांगलाव बेटावरच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या आलोना किनाऱ्यावर लाटा आणतो. वादळं तर वर्षअखेरपर्यंत येतात. 2021 साली ओडेट टायफून डिसेंबरमध्ये आला होता. इशारा लागला की तटरक्षक दल बोटी थांबवतं, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस रिकामा हवाच.

उत्सवांचं गणित वेगळं. मे महिन्यात बोहोलच्या गावोगावी ग्रामदैवताची म्हणजे तिथल्या संताची जत्रा असते, बाहेरगावी असलेले बोहोलवासी घरी परततात आणि शेजारच्या सेबू बेटाहून येणाऱ्या बोटी भरून जातात. तेव्हा बोटीची तिकिटं आधीच काढा. सांदुगो उत्सव जुलैत, बोहोलची राजधानी तागबिलारान शहरात होतो. 1565 साली बोहोलचे दातु (स्थानिक प्रमुख) सिकातुना आणि स्पॅनिश सरदार लेगास्पी यांनी एकमेकांचं रक्त मिसळलेलं पेय पिऊन मैत्रीचा करार केला, त्याची ही आठवण. नाचांच्या मिरवणुकीचा दिवस दरवर्षी बदलतो, तो कळल्यावरच हॉटेल ठरवा.

कागदपत्रं. भारतीय पर्यटकांना 2025 पासून 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, पण ही मुदत वाढवून मिळत नाही. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा. ई-ट्रॅव्हल नोंदणी (फिलिपिन्स सरकारची ऑनलाइन प्रवेश-नोंदणी) पोहोचण्याआधीच्या 72 तासांत करायची असते. ती फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करा. आपल्याकडच्या अनेक पासपोर्टांत नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही छापलेलं असतं. विमान, बोट आणि नोंदणी, तिन्हीकडे नाव तसंच्या तसं भरा. नोंदणीनंतर मिळणाऱ्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घ्या, विमानतळावर नेट मिळेलच असं नाही.

मनिलाला उतरून पांगलावचं (बोहोलचा विमानतळ तिथेच आहे) विमान धरणार असाल तर मध्ये चार तास ठेवा, कारण तिथली टर्मिनल्स एकमेकांपासून लांब आहेत आणि वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान काढून पुन्हा द्यावं लागतं. देशांतर्गत स्वस्त विमानांत हातातली बॅग सहसा सात किलोपर्यंतच चालते आणि ती खरोखर वजन करून बघतात. सेबूमार्गे गेलात तर तिथून तागबिलारानला वेगवान बोटीने साधारण दोन तास लागतात. धक्क्याचं शुल्क तिकिटात धरलेलं नसतं, सुटे पैसे हातात असू द्या.

पैशांचं म्हणाल तर रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर जाऊ नका. न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या. एटीएममधून दर वेळी सुमारे 250 पेसो शुल्क कापलं जातं, म्हणून थोडेथोडे नको, एकदमच काढा. आणि लगेच शंभराच्या, पन्नासाच्या नोटा करून घ्या, ट्रायसिकलवाल्याकडे (मोटारसायकलला बाजूला डबा जोडलेली तिथली रिक्षा) हजाराची मोड नसते. वीज 220 व्होल्टच, पण सॉकेट चपट्या पिनांचा. आपली तीन जाड गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर इथूनच घ्या.

जेवणात खरी अडचण शाकाहारी माणसाची. भाजीतही पातिस, म्हणजे माशाचं खारट पाणी, पडतं. मोंगो नावाची आमटी आपल्या मुगाचीच, पण तीत बहुधा डुकराचं मांस किंवा सुकी मासळी असते. ‘व्हेज’ एवढंच सांगून भागत नाही. स्थानिक बिसाया भाषेत ‘वालाय कार्ने, वालाय इस्दा, वालाय पातिस’ (मांस नको, मासे नको, पातिस नको) असं एकेक नाव घेऊन नको म्हणा. लोबोक नदीवरच्या तरंगत्या जेवणात शाकाहाऱ्याच्या वाट्याला भात आणि फळं येतात, तेव्हा सोबत ठेपले, चटणी असू द्या. नारळाच्या करवंटीत भरलेलं कालामाय मात्र बिनधास्त खा: चिकट तांदूळ, नारळाचं दूध, तपकिरी साखर. पीनट किसेस या बिस्किटांत अंड्याचा पांढरा बलक असतो.

एका दिवसाच्या ठरीव सहली टेकड्या दुपारी दाखवतात. आमचा सल्ला उलटा: पांगलावहून पहाटे साडेपाचला निघा, आधी टेकड्यांजवळचं कार्मेन गाव गाठा, उन्हं चढायच्या आत तिथल्या टेकडीच्या 214 पायऱ्या चढून घ्या. तिरप्या उन्हात प्रत्येक टेकडीची सावली वेगळी पडते. माथ्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. परतताना टार्सियर. मुठीएवढा हा प्राणी निशाचर आहे, दिवसा फांदीला चिकटून झोपलेला असतो. फ्लॅश आणि कॅमेऱ्याचा आवाज गाडीतच बंद करा, बोलायचं तर कुजबुजत, हात लावायचा नाही. गोंगाटाने त्याला जिवावर बेतेल इतका ताण येतो. टार्सियर बघायला कोरेला गावचं अभयारण्य निवडा.

बालिकासाग बेटावर रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते, म्हणून जागा आधी धरा. बोटी भल्या पहाटे सुटतात. सोबत दहा लिटरची जलरोधक पिशवी, उलटीची गोळी (निघण्याच्या तासभर आधी) आणि रबरी तळव्याचे पाण्यातले बूट. प्रवाळ पायाला कापतं, समुद्री साळूचे काटे तळव्यात मोडतात. उन्हापासून बचावाला सनस्क्रीन क्रीमऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट बरा.

स्कूटर भाड्याने घ्यायची तर परवान्यावर दुचाकीची नोंद हवी. फक्त चारचाकीचा परवाना असेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने. सरळ रस्त्यावर ते लक्षात राहतं, चूक होते ती पेट्रोल भरून बाहेर पडताना. बिलारजवळच्या महोगनीच्या राईत वळणावर थांबून फोटो काढणारे खूप असतात, तिथे वेग कमी ठेवा. हाबाल-हाबालवर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसलात तर डाव्या बाजूने उतरा. सायलेन्सर बहुधा उजवीकडे असतो आणि पोटरीला चटका बसला की पुढचे चार दिवस समुद्रात उतरता येत नाही.