धातूचा फोम तपासताय? या चुका टाळा

मार्च आला की जळगाव एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपवर शेवटच्या वर्षाची पोरं उगवतात. हातात अ‍ॅल्युमिनियम फोमचा, म्हणजे स्पंजासारख्या छिद्राछिद्रांच्या धातूचा, तुकडा आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "भाऊ, उद्या सबमिशन आहे, तेवढं करून द्या ना."

घोळ बहुतेक वेळा कापण्यातच झालेला असतो. मागच्या वर्षी दोघं जण घरूनच ठोकळे कापून घेऊन आले. वाइसमध्ये आवळायचे आणि हॅक्सॉ चालवायची. १० मिलिमीटरचे ठोकळे, आणि फोमचं एकेक छिद्र ४ मिलिमीटरचं! म्हणजे एका बाजूला जेमतेम अडीच छिद्रं, त्यातली कडेची करवतीने फाडलेली, उरलेली वाइसने चेपलेली. ताकद मोजायला माझ्या मशीनवर पाच ठोकळे दाबले, पाचही आकडे वेगळे. मोठा आकडा लहान्याच्या दुपटीवर. वर मलाच म्हणतात, "भाऊ, मशीन खराब आहे." अरे भो, अनारशाचा कोपरा मोडून जाळी कशी पडलीय ते कळतं का? आयएसओ १३३१४, म्हणजे असा सच्छिद्र धातू दाबून तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक, सांगतं, ठोकळ्याची प्रत्येक बाजू सरासरी छिद्राच्या दहापट तरी हवी. इथे ४० मिलिमीटर. मी वायरकटवरच, म्हणजे तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या मशीनवरच, कापतो. वेळ लागतो. ज्याला घाई आहे त्याने दुसरं वर्कशॉप बघावं.

वायरकटचं पाणी छिद्रांत अडकून बसतं, ते वाळल्याशिवाय वजन करू नका. मे महिना असेल तर आपल्याकडचं ऊन पुरतं, ठोकळे दोन दिवस गच्चीवर टाका. मग प्रत्येक ठोकळ्याचं वजन वेगळं घ्या. फोम थिजेपर्यंत पातळ धातू खाली ओघळतो, त्यामुळे एकाच लादीतला खालचा तुकडा जड निघू शकतो. फरक किरकोळ वाटतो, पण घनता निम्मी झाली की ताठपणा साधारण चौथाईवर येतो. मी एका सराफाकडून जुना काटा आणून ठेवलाय, खास याच कामासाठी.

दुसरी चूक म्हणजे मशीनने छापलेला 'कमाल भार' उचलून रिपोर्टात टाकणं. फोम दाबताना सुरुवातीला भार चढतो, मग छिद्रं थराथराने कोसळत राहतात आणि भार जवळपास तिथेच रेंगाळतो. धक्का पचवायची ताकद त्या सपाट पट्ट्यात असते. छिद्रं मिटली की भार पुन्हा सुसाट चढतो. तेव्हा तुम्ही फोम नाही, चेपलेलं अ‍ॅल्युमिनियम दाबत असता. मशीन कधी बंद केलं, एवढंच त्या कमाल आकड्यावरून कळतं. ठोकळ्याची उंची २० ते ३० टक्के दबते त्या टप्प्यातल्या भाराची सरासरी काढा आणि ती ठोकळ्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागा.

ताणाचा भार नुसत्या फोमवर देऊ नका. वाकवायचं असेल तर दोन्ही बाजूंनी पत्रा चिकटवा. बोल्ट थेट आवळू नका, भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवा. आणि घरच्या भट्टीत टायटॅनियम हायड्राइड टाकून फोम फुगवायचा विचार असेल तर तो सोडा. त्यातून हायड्रोजन निघतो.