क्लच-ब्रेकचं ऑइल बदलताय? निपल पाच आहेत

गेल्या वेळी मी चार निपल, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर सोडायचे छोटे स्क्रू, उघडले. चारही चाकांचे कॅलिपर (ब्रेकचे चिमटे), क्रमाने, पारदर्शक नळी लावून, नळीत पिवळसर स्वच्छ धार दिसेपर्यंत. बाटली भारीतली, 300 अंशांच्या वर उकळणारी. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर चौथ्या फेरीत ब्रेक अगदी ठणठणीत होता, आणि तिसऱ्यातून चौथ्या गिअरला जाताना क्लचचं पेडल खाली गेलं ते तिथेच बसलं. बुटाचं टोक खाली घालून वर ओढलं, दाबलं, परत तळाला. गाडी तासभर उभी राहून थंड झाली तसं पेडल आपोआप जागेवर आलं. त्यामुळे उरलेला दिवस मी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलवर दाब देणारा), क्लचप्लेट, जमेल त्याच्यावर संशय घेत बसलो. कारण शेवटी साधं निघालं. ब्रेक आणि क्लचच्या ऑइलची डबी एकच. डबीत नवं ऑइल चमकत होतं, पण क्लचच्या नळीत आणि तिच्या टोकाला क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये तीन वर्षांपूर्वीचं काळंकुट्ट तसंच पडून. पाचवा निपल मी उघडलाच नव्हता.

म्हणून ही यादी, खास करून सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बसवलेल्या गाडीसाठी. बाकीचं थोडं मागेपुढे झालं तरी निभावतं, पाचवा निपल राहिला की नाही निभावत.

सगळ्यात आधी दुखणं ओळखा, बाटली नंतर. आरपीएम चढतोय पण गाडी त्या मानाने पळत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. सुपरचार्जर बसवल्यावर हे बऱ्याचदा होतं, कारण मूळ क्लच जेवढ्या टॉर्कसाठी (फिरवणाऱ्या जोरासाठी) बनवला त्यापेक्षा जास्त टॉर्क त्याच्यावर येऊ शकतो, आणि तो खालच्या आरपीएमपासूनच येतो. तिथे जास्त दाबाची प्रेशर प्लेट (क्लचची डिस्क दाबून धरणारी), चांगल्या घर्षणाची डिस्क किंवा दुहेरी डिस्क लागते. जगातलं कुठलंही ऑइल घसरणारा क्लच धरून ठेवणार नाही. उलट पेडल मऊ लागतंय, तळाशी राहतंय, गरम झाल्यावर गिअर पडत नाही, म्हणजे क्लच सुटत नाहीये. हा प्रांत ऑइलचा, नळीचा आणि सिलिंडरचा. लोक या दोन तक्रारींची सरमिसळ करतात आणि भलत्याच वस्तूवर खर्च करतात. मीही करणार होतो.

आता ऑइल. आपण ऑइल म्हणतो हीच मुळात गडबड आहे. बाटलीवरचं डॉट म्हणजे ब्रेकच्या द्रवाचा दर्जा; डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 हे ग्लायकॉल जातीचे द्रव, त्यात तेल नावालाही नाही. खरं मिनरल ऑइल या सिस्टिममध्ये गेलं तर रबरी सील फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळं उघडावं लागतं. काही वाहनांत मात्र क्लचची डबी वेगळी असते आणि तिला खरोखरच मिनरल ऑइल लागतं. झाकणावर लिहिलेलं असतं. वाचा.

बाटलीवर उकळबिंदूचे दोन आकडे असतात, ड्राय आणि वेट. मोठा आकडा ड्राय, म्हणजे सील फोडलेल्या क्षणाचा. हे द्रव हवेतली वाफ शोषतात, रबरी होजमधूनसुद्धा. साधारण 3.7 टक्के पाणी शिरल्यावर जो उकळबिंदू उरतो तो वेट. मानकाप्रमाणे डॉट 3 ला किमान 205 आणि 140 अंश, डॉट 4 ला 230 आणि 155, डॉट 5.1 ला 260 आणि 180. रेसिंगच्या बाटल्या ड्रायमध्ये 300 च्या पुढे जातात आणि सगळे तोच आकडा एकमेकांना सांगतात. वर्षभर रस्त्यावर आणि दोन-चार वेळा ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी माझं मत विचाराल तर आधी वेट बघा. ड्रायचा आकडा त्यांच्या कामाचा, जे प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी ऑइल बदलतात. तुम्ही बदलणार आहात का? खरं सांगा.

उकळलं की होतं काय, तर वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय तळाला जातो आणि पलीकडे दाब पोचत नाही. थंड झालं की वाफेचा परत द्रव, पेडल ताठ, आणि आपण म्हणतो, अरे, ठीक तर आहे.

सुपरचार्जरच्या गाडीत हे लवकर का होतं? ब्रेकच्या बाजूने हिशेब सरळ आहे: वळणाआधी 160 ऐवजी 200 चा वेग गाठत असाल तर वेग सव्वापट, पण ब्रेकला गिळावी लागणारी उष्णता दीडपटीहून जास्त, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. क्लचच्या बाजूला कोणी बघतच नाही. स्लेव्ह सिलिंडर बऱ्याच गाड्यांत बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) आत, गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो, म्हणजे तापलेल्या क्लचच्या कुशीतच. काही गाड्यांत क्लचची नळी एक्झॉस्टजवळून जाते. वरून जड प्रेशर प्लेट बसवली असेल तर नळीतला दाबही वाढलेला. आणि हे ऑइल कुठे फिरत नाही, तेच चमचाभर ऑइल पुढेमागे होत राहतं. डबीत वरून कितीही भारी ओता, स्लेव्हमधलं जुनं तिथेच बसून राहतं. पाचवा निपल!

डॉट 5 घेऊ नका. डॉट 5 आणि 5.1 मध्ये दिसायला एका टिंबाचा फरक, पण डॉट 5 सिलिकॉनचं आहे. बाकीच्यांत मिसळत नाही, बारीक बुडबुडे धरून ठेवतं, एबीएसच्या गाडीत त्याचं काही काम नाही. 3, 4, 5.1 एकमेकांत चालतात, तरी मिसळत बसू नका, सगळं काढून एकच भरा. आणखी एक, गाडीला एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर पातळपणाही बघा. उणे 40 अंशांना डॉट 4 ला 1800 चौरस मिलिमीटर प्रति सेकंदापर्यंत दाटपणा चालतो, डॉट 5.1 ला 900 च्या आत राहावं लागतं. गाडीच्या पुस्तकात कमी दाटपणाचं ऑइल सांगितलं असेल तर थंडीत घट्ट होणारं रेसिंग ऑइल ओतून एबीएसचे व्हॉल्व्ह मंद करण्यात शहाणपणा नाही.

किती घ्यायचं? चार चाकांना एक लिटर पुरतं. क्लचसाठी अर्धा लिटर जास्त घ्या. मागच्या वेळी माझी बाटली चौथ्या चाकाला संपली, आणि क्लच "नंतर बघू" म्हणून राहिला तो त्यामुळेच. बाटल्या लहान आणि सीलबंद घ्या. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली ब्रेकमध्ये नको.

हत्यारं सगळ्यांना माहीत आहेत. फक्त निपलला रिंग पाना वापरा, नाहीतर कोपरे गोल होतात. आणि मास्किंग टेप. टेपचे पाच तुकडे स्टिअरिंगवर चिकटवा, चारांवर चाकं लिहा, पाचव्यावर क्लच. निपल पूर्ण झाला की तुकडा काढायचा. हसू आलं तरी चिकटवा.

क्लचचा निपल कुठे आहे ते गाडी उचलण्याआधी पुस्तकात बघून ठेवा, कारण तो चाकांसारखा समोर दिसत नाही. कुठे गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला असतो, कुठे बेलहाउसिंगच्या छोट्या भोकातून पाना घालावा लागतो. क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली येणारच असेल तर त्याच वेळी स्लेव्ह नवा टाका, क्लचची होज स्टीलच्या जाळीची करा, तिच्यावर उष्णतारोधक बाही चढवा आणि निपलला लांब नळी जोडून तो बाहेर हाताशी आणून ठेवा. एवढं केलंत तर पुढच्या वेळी पाचवा निपल दहा मिनिटांचा.

काम सुरू. डबीतलं जुनं सिरिंजने ओढून काढा, नवं भरा, मग निपल. चाकांचा क्रम पुस्तकातला घ्या. जुन्या गाडीत पेडल पार तळाला दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या आतला जो भाग रोज वापरात नाही तिथे गंज असतो, आणि सील त्यावरून घासला की कापला जातो.

क्लचला एक खोच आहे. सामाईक डबीत क्लचची नळी बहुतेक वेळा तळाला नसते, मध्येच वर बाजूला असते. क्लच गळला तरी ब्रेक रिकामे होऊ नयेत म्हणून केलेली ती सोय. पण त्यामुळे डबी अर्धी भरलेली दिसत असताना क्लच हवा ओढू लागतो. क्लच करताना डबी काठोकाठ ठेवा, दर चार-पाच दाबांनी भरा. पेडल सावकाश दाबा, सावकाश हाताने वर आणा, पट्टापट पंप करू नका. पहिल्यांदा जे बाहेर येईल ते शाईसारखं असेल. ते संपेपर्यंत थांबा, आणि संपल्यासारखं वाटल्यावर आणखी थोडं जाऊ द्या.

एबीएसच्या युनिटमधलं ऑइल बदलायला स्कॅनर लागतो. तुमच्याकडे नसेल तर निदान डबी कोरडी पडू देऊ नका. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलतं. निपल घट्ट, पण रग दाखवायची नाही. रबरी टोप्या. चाकांचे नट टॉर्कने. जुनं ऑइल गटारात नाही. ब्रेकचा दाब उभ्या गाडीत, मग हळू वेगात बघा.

क्लच मात्र गरम करूनच तपासा. वीस-पंचवीस मिनिटं नीट चालवा, इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबा, तीन मोजा, रिव्हर्स टाका. कर्रर्र झालं तर परत पाचवा निपल.